खेळण्यातल्या इंजिनाचा धूर आणि नातवाची छाती

रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका वाचकांचे पत्र आले आहे. गेल्या हिवाळ्यात ते न्यू जर्सीला मुलाकडे राहून आले. नाताळात तिकडे सजवलेल्या झाडाभोवती रूळ मांडून खेळण्यातली आगगाडी फिरवण्याची पद्धत आहे. नातवाच्या हौसेखातर मुलानेही तशी गाडी आणली. वाफेचे इंजिन, शिट्टी आणि धुराड्यातून निघणारा धूर! इंजिनाच्या पोटाखाली धूर कमी, मध्यम, जास्त करण्याचे बटण होते. आजोबांनी ते अर्थातच 'जास्त'वर सरकवले. चौथ्या रात्री नातवाला खोकल्याची उबळ आली, धाप लागली, पंप द्यावा लागला. त्याला दमा आहेच. सूनबाईंनी गाडी खोक्यात भरून टाकली. "एवढ्याशा धुराचा बाऊ कशाला?" असे आजोबा विचारतात.

त्या रात्रीचा खोकला धुरामुळेच आला असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. थंडी, सर्दी, महिनाभर खिडक्या बंद असलेले घर, असे बरेच संशयित आहेत. तरीही मी सूनबाईंच्या बाजूने थोडा झुकतो.

हा धूर कोळशाचा नव्हे. अमेरिकेत लायोनेल कंपनीने १९४६ साली धूर सोडणारी इंजिने बाजारात आणली, तेव्हा बल्बच्या उष्णतेवर धूर काढत. हल्ली बहुतेक इंजिनांत शुद्ध केलेल्या खनिज तेलाचे थेंब घालतात. ते वातीत जिरते, विजेच्या तारेने तापते, त्याची वाफ होते आणि गार हवा लागताच तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. आपल्याला दिसतो तो हा तेलाचा धुक्यासारखा ढग. थेंब इतके बारीक की ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात.

कॅनडात नाटक-चित्रपटांसाठी सोडल्या जाणाऱ्या कृत्रिम धुरात काम करणाऱ्या १०१ जणांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचा अशा धुराशी संबंध जास्त, त्यांच्यात छातीत घरघर व आवळल्यासारखे वाटण्याच्या तक्रारी जास्त होत्या. यंत्राच्या अगदी जवळ काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांची क्षमताही कमी भरली. ती माणसे रोज त्या धुरात असत, आपली गाडी अर्धा तास फिरते, हा फरक मान्य. पण ती मोठी, कामाची माणसे होती. अमेरिकेत कारखान्याच्या हवेतील तेलाच्या तुषारांना घनमीटरला ५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तीही धडधाकट कामगारासाठी. रुळांशेजारी पालथे पडून, नाक इंजिनाला लावून बसणाऱ्या दमेकरी मुलासाठी ती आखलेली नाही.

आता आजोबांना त्यांच्याच धंद्यातले विचारतो. भारतात ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिने १९९५ साली थांबली. आपण त्या काळातले. धुराड्यातून काळा लोट निघाला की फायरमनला शाबासकी मिळे की शिव्या? कोळसा नीट जळत नाही, हवा कमी पडते, याची ती खूण. चांगल्या हाताखालचे इंजिन धूर फारसा करत नसे. मग खेळण्यात 'जास्त' म्हणजे 'खरे' हे कोणी ठरवले? माझ्या मते, ते बटण दुकानात गिऱ्हाईक थांबावे म्हणून आहे. घरात ते 'कमी'वरच शोभते आणि दमेकरी मूल खोलीत असेल तर पूर्ण बंद. शिट्टीने कोणाला धाप लागल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

बटणाखेरीज तेलाकडेही लक्ष हवे. सोबतच्या कागदावर सांगितले तेवढेच थेंब घालावेत. जास्त झाले की तेल साचते, धूर उलट मंदावतो, मग माणूस बटण पुढे सरकवतो आणि धुराडे तेल थुंकू लागते. तेल संपल्यावर धूर चालूच ठेवला तर वात करपते. तो वास उग्र, आणि तो मात्र खराखुरा जळका धूर. जुन्या, बटण नसलेल्या इंजिनात रुळातली वीज वाढवली की धूर वाढतो. म्हणजे नातवाने गाडी भरधाव सोडली की खोली भरलीच. रॉकेल, खोबरेल, अत्तर असले प्रयोग नकोत. सुगंधी तेलेही दमेकऱ्याला सोसत नाहीत.

मला खरी धास्ती आहे ती बाटलीची. हे तेल रॉकेलच्याच जातकुळीचे, पातळ. रॉकेल प्यालेली मुले आपल्याकडच्या प्रत्येक डॉक्टरने पाहिली आहेत. पोटात गेलेल्यापेक्षा ठसक्याबरोबर फुप्फुसात उतरलेला घोट घात करतो, न्यूमोनिया होतो. म्हणून उलटी काढायची नसते. मूल हसत-खेळत दिसले तरी लगेच दवाखान्यात न्यायचे असते. युरोपात दिव्याची अशी तेले डिसेंबर २०१० पासून काळ्या, अपारदर्शक बाटलीतच विकावी लागतात, ती याच भीतीने.

तेव्हा आजोबा, सूनबाईंना फोन कराल तेव्हा एवढे विचारा: ती बाटलीही त्याच खोक्यात गेली आहे का आणि खोके नातवाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर आहे का?