मांजराने तोंड फिरवलं, तर

नवतपा सुरू झाला की भंडारा जिल्ह्यात माणसांचीही भूक मंदावते. पारा ४५ अंशांच्या आसपास गेल्यावर दुपारच्या ताटाकडे बघवत नाही. याच दिवसांत घराघरांतून ऐकू येतं, "मांजर आजकाल काही खात नाही." त्यावर उत्तरही तयार असतं, "ऊन आहे, नाहीतर नखरे करत असेल." यातलं पहिलं कारण अर्धं खरं आहे. दुसरं मला मुळीच मान्य नाही.

उन्हाळ्यात मांजर कमी खातं. दिवसभर सावलीला पडून राहतं आणि पहाटे किंवा रात्री वाटीकडे येतं. तेव्हा त्याचं जेवण त्याच वेळांना द्यावं, दुपारी उघड्यावर आंबू देऊ नये. पण कमी खाणं वेगळं आणि खाणं सोडणं वेगळं. पूर्ण दिवस तोंडात काही गेलं नाही, तर सावध व्हायला हवं. दोन दिवस झाले, तर दवाखाना गाठायलाच हवा. उपाशी मांजराच्या अंगातली चरबी यकृताकडे धावते, आणि त्या यकृताला ती पचवता येत नाही. चरबी तिथेच साचते, कावीळ होते, मांजर दगावू शकतं. अंगाने जाड असलेल्या मांजराला हा धोका सर्वांत जास्त. "भूक लागली की खाईल" हा हिशेब म्हणूनच मांजराला लावू नये.

मांजर दुखणं लपवतं. दात खराब झाला, हिरडी सुजली, तोंडात व्रण झाला तरी ते ओरडत नाही. वाटीजवळ येतं, हुंगतं आणि परत जातं. सर्दीने नाक चोंदलं तरीही तेच होतं, कारण मांजर चवीपेक्षा वासावर जेवतं. अशा वेळी अन्न कोमट करून दिलं की वास सुटतो आणि पुष्कळदा ते दोन घास खातं. आमची चिमी म्हातारपणी सारखी पाण्याच्या भांड्यापाशी बसू लागली आणि तिचं जेवण घटत गेलं. मूत्रपिंडं थकल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. वयस्कर मांजरांत हा आजार नेहमीचा आहे, आणि लवकर कळला तर पुढचे दिवस बरे जातात.

उलटही घडतं. मांजर अधाशासारखं खातं आणि तरी वाळत जातं. लहान मांजरात बहुतेकदा जंत असतात, मोठ्यात मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असू शकतो. नसबंदी केलेल्या मांजराची भूक वाढते, पण शरीराची गरज साधारण पाव हिश्शाने उतरते. मागेल तेवढं वाढत गेलं की वर्षभरात त्याचं पोट लोंबू लागतं.

आता आपल्या दूधभाताविषयी. हा धानाचा जिल्हा, त्यामुळे मांजराच्या वाटीत भात येणं साहजिकच. आपल्या आज्यांच्या काळात तो चाललाही, कारण घरात धानाच्या ढोल्या होत्या आणि ढोल्यांभोवती उंदीर होते. मांजराचं खरं जेवण ते होतं. चार किलोच्या मांजराला दिवसाला आठ-दहा उंदरांएवढं अन्न लागतं. दूधभात हा वरचा घास होता. आज घरं पक्की झाली, उंदरांना औषध घातलं जातं, मांजर घरातच राहतं, आणि तो वरचा घासच पूर्ण जेवण होऊन बसला आहे.

तो पुरत नाही. मांजर पक्कं मांसाहारी. गोड चव ओळखणारं एक जनुकच त्याच्यात निकामी असल्याचं अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य मांस-मासळीतूनच मिळवावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगतं. हृदयाचा हा संबंध पॉल पायन यांनी १९८७ साली कॅलिफोर्नियात सिद्ध केला. भातात टॉरिन जवळपास नसतंच. दुधात अगदी थोडं, आणि मोठ्या मांजराला दूध नीट पचतही नाही, जुलाब होतात.

आपल्या तलाव-बोड्यांनी यावर सोय करून ठेवली आहे. मासे द्यावेत, पण शिजवून. रोहू-कटल्याच्या कुळातल्या काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. रोज कच्चा मासा खाणारं मांजर काही दिवसांनी खाणंच टाकतं, याचं एक कारण हे. काटे काढावेत, मीठ-मसाला, कांदा-लसूण घालू नये आणि मासा ज्यात शिजवला ते पाणीही द्यावं, कारण टॉरिन त्यात उतरतं. रोज नुसता मासाही नको. कोंबडीचं मांस, काळीज, अंडं असा पालट हवा. खाणं बदलायचंच, तर आठ-दहा दिवस जुन्यात नवं मिसळत जावं. एकाच वेळी भरपूर वाढण्यापेक्षा दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्यावं.

एक गोष्ट मात्र कधीच करू नये. मांजर मलूल दिसलं म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. एका गोळीनेही त्याचा जीव जाऊ शकतो.

आपल्याकडे गाय-बैल आजारी पडले की लगेच डॉक्टरांना बोलावणं जातं, मांजरासाठी क्वचितच. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरही तपासतात, आणि १९५८ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर, नागपुरात आहे. तुमच्या मांजराने कालपासून वाटीला तोंड लावलं नसेल, तर उद्याची वाट पाहू नका. आजच त्याला दवाखान्यात घेऊन जा.