दाणे किती दिवसांचे?

2020च्या एप्रिल-मे महिन्यांत हिंगोलीचं नाव रोज बातम्यांत यायचं. मालेगाव-मुंबईचा बंदोबस्त करून राज्य राखीव पोलीस दलाचे जवान परतले, त्यांच्यातल्या अनेकांना कोरोनाची लागण निघाली आणि गावाने दारं लावून घेतली. हळदीचे सौदे थांबले होते. शिजवून वाळवलेली हळद शेतकऱ्यांच्या घरात पोत्यांनी पडून होती, आमच्याही माळवदाच्या खोलीत तिचा वास भरून राहिला होता. पुण्याहून कशीबशी पोचलेली माझी लेक, मी आणि बाजेवर पडल्या पडल्या ऐकणाऱ्या सासूबाई, अशा आम्ही तिघी संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसायचो. लेकीने ‘फॉलिंग स्काइज’ नावाची अमेरिकन मालिका लावली होती. परग्रहावरून हल्ला होतो, जग मोडून पडतं आणि उरलेली माणसं कशी जगतात, याची ही गोष्ट.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही. पहिल्या भागात शंभर लढवय्ये आणि दोनशे साधी माणसं, म्हातारी-कोतारी, लेकरं-बाळं, असा तीनशेचा तांडा बोस्टन सोडून पायी निघतो. ते पाहून त्या उठून बसल्या आणि लेकीला म्हणाल्या, “बाळा, विचार बरं, ह्यांच्यापाशी दाणे किती दिवसांचे हायत?”

मालिकेतलं पहिलं भांडण नेमकं त्यावरच होतं. अन्नाच्या गोदामाकडे आधी जायचं की शस्त्रांकडे, तळ हलवायचा की थांबायचा, हे ठरवताना ती माणसं एकमेकांवर ओरडत होती. लेकीने ते मराठीत सांगितलं तशी सासूबाईंनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्या रोज हजर.

बहात्तरच्या दुष्काळात त्या विशीतल्या होत्या. कळमनुरीकडच्या पाझर तलावाच्या कामावर त्यांनी माती वाहिली, रस्त्यासाठी खडी फोडली. कामावर सुकडी मिळायची. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी करायची तर पीठ हाताला धरत नसे, थापताना कडा फाटायच्या. हे त्या सांगतात तेव्हा त्यांचे तळवे अजून तसेच हलतात. उतरंडीच्या खालच्या मडक्यात थोडी जुनी ज्वारी दडवलेली होती, ती फक्त लेकरांसाठी. रोज एक मापटं काढायचं, वर हात फिरवून सारखं करायचं, एक दाणा जास्त नाही. त्या वर्षाबद्दल त्यांना काहीही विचारा, त्या हिशेबातच सांगतात: इतकी तोंडं, इतके दाणे, इतके दिवस.

म्हणून मला वाटतं, त्या मालिकेची खरी पारख आमच्या घरात त्यांनाच होती.

जून 2011मध्ये अमेरिकेत ही मालिका सुरू झाली, तेव्हा पहिला भाग 59 लाख प्रेक्षकांनी पाहिला होता. स्टीव्हन स्पीलबर्ग निर्मात्यांपैकी एक होते. कल्पना रॉबर्ट रोडॅट यांची, ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ लिहिणारे हेच. हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी गोष्ट सुरू होते. सैन्य संपलंय, वीज गेलीय. सहा पायांचे जीव लहान मुलांना पकडून नेतात आणि त्यांच्या पाठीच्या कण्यावर एक जिवंत जू बसवून त्यांना राबवतात. हल्ला कसा झाला ते मोठं माणूस सांगतच नाही. मुलांनी काढलेली चित्रं दिसतात आणि त्यांचे आवाज ऐकू येतात. इतकी साधी, इतकी अचूक सुरुवात मी फार थोड्या मालिकांत पाहिली आहे.

नायक टॉम मेसन इतिहासाचा प्राध्यापक. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे माझा जीव त्याच्यात अडकणं साहजिक होतं. पण कारण तेवढंच नव्हतं. शिक्षकाने लढा उभा करावा, ही मराठवाड्याला ठाऊक असलेली गोष्ट आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलेले स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईत शिक्षक होते, गोविंदभाई श्रॉफही शिक्षक होते. निजामाच्या हद्दीबाहेर, पलीकडे विदर्भात उमरखेडसारख्या ठिकाणी कॅम्प लावून आमच्या भागातली तरुण पोरं राहिली. रात्री हद्द ओलांडायची, करोडगिरी नाका जाळायचा, पहाटेपर्यंत परतायचं. तिथेही बंदुका किती, काडतुसं किती, आज जेवायला किती जण, हेच प्रश्न असणार. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे ते हुतात्मा बहिर्जी शिंदे याच मातीतले. टॉम मेसन तळावरच्या लोकांना जुन्या लढायांचे दाखले देतो, बलाढ्य सैन्यं लहान तुकड्यांपुढे कशी थकली ते सांगतो, तेव्हा मला वर्गातल्या फळ्यासमोर उभं असल्यासारखं वाटायचं.

पहिल्या वर्षातले दहा भाग आम्ही चार-पाच दिवसांत संपवले. तांडा एका शाळेच्या इमारतीत मुक्काम करतो. आमच्याकडेही तेव्हा पुण्या-मुंबईहून पायी, ट्रकने आलेल्या लोकांना जिल्हा परिषदेच्या शाळांत ठेवलं जात होतं. डॉक्टर ॲन मूळची लहान मुलांची डॉक्टर, ती तुटपुंज्या औषधांवर सगळ्यांचे जीव राखते. टॉमच्या आठ वर्षांच्या मुलाचा, मॅटचा वाढदिवस स्केटबोर्ड देऊन साजरा होतो आणि सगळा तांडा दोन मिनिटं थांबून त्याला खेळताना पाहतो. हल्लेखोरांची विमानं मी केव्हाच विसरले, पण तो स्केटबोर्ड लक्षात आहे. दुसरं-तिसरं वर्षही वर-खाली होत का होईना, जमिनीवर होतं.

मग आलं चौथं वर्ष. 2014चा उन्हाळा, बारा भाग. सूत्रं आता ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’वाल्या डेव्हिड आइक यांच्याकडे. मला या वर्षाचा राग आहे, आणि तो का आहे ते नीट सांगायला हवं, कारण त्याची सुरुवात वाईट नव्हती.

पहिल्याच भागात तांडा विखुरतो. टॉम आणि तांड्याचा म्होरक्या कॅप्टन वीव्हर शत्रूने उभारलेल्या कोंडवाड्यात अडकतात. ॲन वेगळी टोळी घेऊन मुलीच्या शोधात फिरते. धाकटा मॅट एका छावणीत जातो, तिथे माणसांच्या पोरांना शिकवलं जातं की आक्रमक हेच तुमचे हितकर्ते. ही छावणी पाहताना मी सरसावून बसले. इतिहासाच्या प्राध्यापकाच्या पोराला जेत्यांचा इतिहास शिकवला जातोय! यापेक्षा मोठा संघर्ष या मालिकेला मिळणार नव्हता. निजामाच्या राज्यात शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. मराठी मुलांनी स्वतःच्या भाषेत शिकावं म्हणून लोकांनी पदरमोड करून खासगी शाळा काढल्या, आणि त्याच शाळांतून पुढे लढ्याची माणसं निघाली. जिंकणाऱ्याने पाटी-पेन्सिल हातात घेतली की काय होतं, ते आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मॅट तिथे हळूहळू बदलला असता, घरी आल्यावर बापाशी वाद घालू लागला असता, बापाकडे बंदूक नको, उत्तर लागलं असतं, तर ती मालिका मी शाळेतल्या मुलांना दाखवली असती. पण तो धागा काही भागांत गुंडाळला. पोरगा सुटला, छावणी मागे पडली, विषय संपला.

त्याची जागा घेतली लेक्सीने. ॲन आणि टॉमची ही मुलगी, अर्धी माणूस, अर्धी परग्रहाची. जन्मून फार दिवस झालेले नाहीत तोच ती पांढऱ्या केसांची तरुणी होते. तिच्या अंगात अचाट शक्ती आहे. लोक तिच्याभोवती भक्तासारखे गोळा होतात, आणि तिथे कुणी लढायचं नाही, सगळं शांत. ती आपल्या बाजूची की त्यांच्या, यावर भागामागून भाग खर्च होतात. मला या पात्राबद्दल आकस नाही. पण ती आल्यापासून इतरांनी काही करायचं उरलंच नाही. तीन वर्षं ज्यांनी एकेक गोळी मोजून झाडली, ती माणसं आता एका मुलीच्या मनात काय चाललंय याची वाट बघत उभी राहिली. डॉक्टर ॲनचं औषधाचं खोकं कुठे गेलं, कुणास ठाऊक.

लेक मध्ये मध्ये कथा सांगत होती. सासूबाईंनी एका संध्याकाळी विचारलं, “आता ह्यांच्या जेवणाचं कोण बघतंय?” लेक म्हणाली, “आजी, ते दाखवत नाहीत आता.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मालिकेच्या वेळी अंगणात हळदीचं पोतं उलटून खडे-माती निवडत बसल्या. नंतर त्या आल्याच नाहीत.

शेवटच्या भागात टॉम आणि लेक्सी शत्रूच्याच विमानात बसून चंद्रावर जातात. चंद्रावर शत्रूच्या ऊर्जेचं केंद्र आहे. लेक्सी स्वतःचा जीव देऊन ते उडवते आणि पृथ्वीवरची त्यांची यंत्रं बंद पडतात. बापाने लेकीला निरोप द्यायचा हा प्रसंग. टॉम झालेल्या नोआ वाइल यांनी तो मनापासून केलाय, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. पायी बोस्टन सोडताना ज्यांना पुढच्या गावापर्यंत अन्न पुरेल की नाही हे माहीत नव्हतं, ते चंद्रावर पोचले आणि वाटेत कुणी शिदोरी सोडली नाही. त्या क्षणी ती माणसं माझी उरली नाहीत.

पाचव्या वर्षात मालिकेने पुन्हा जमिनीवर यायचा प्रयत्न केला, पण शेवट पुन्हा तोच जवळचा रस्ता: वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकात टॉम शत्रूच्या राणीला मारतो आणि ती मेली की सगळेच मरतात. एकूण 52 भाग झाले. त्यातले पहिले दहा मी कुणालाही पाहायला सांगेन. चौथं वर्ष नाही.

चाललेली गोष्ट पुढे ओढायची म्हटली की असं होतं, आपल्याकडेही झालंय. ‘रात्रीस खेळ चाले’चं 2019चं दुसरं पर्व आठवा. अण्णा नाईक आणि शेवंता हाडामांसाची माणसं होती, त्यांच्या लोभाला, भीतीला घराचा, जमिनीचा, पैशाचा आधार होता. तिसऱ्या पर्वात भुतं वाढली आणि माणसं पातळ झाली. मला तरी ते तसंच वाटलं.

आकाश दाखवू नये असं माझं म्हणणं नाही. ‘फॉलिंग स्काइज’ संपली 30 ऑगस्ट 2015ला. त्यानंतर पंधराच दिवसांनी, 14 सप्टेंबरला, अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या दोन यंत्रांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. 130 कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्याचा हा कंप. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीच्याही हजाराव्या भागाइतका. तसंच यंत्र आता आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याला व्हायचं आहे. केंद्राने 2023च्या एप्रिलमध्ये त्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले, 11 मे 2023ला पायाभरणी झाली. आकाशाची गोष्टही अशी मोजण्यातूनच खरी होते. उतरंडीतून काढलेलं मापटं आणि दुधाळ्याची ती चार किलोमीटरची भुजा, माझ्या मनात ही दोन्ही एकाच जातीची कामं आहेत. चौथ्या वर्षाच्या लेखकांनी दोन्हींकडे पाठ फिरवली.

जग कोसळल्यावर माणूस कसा जगतो, हे आमच्या जिल्ह्यात अजून विचारून कळण्यासारखं आहे. बहात्तर अंगावर काढलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. कॅम्पात राहिलेले तर जवळजवळ संपले. त्यांच्यावर झालेली एकही मालिका मला ठाऊक नाही. उद्या कुणी तरुण लेखक ती लिहायला बसला, तर त्याला पुस्तकांत तारखा सापडतील, पण मिलोच्या भाकरीच्या कडा कशा फाटायच्या, ते सापडणार नाही.

तुमच्या घरात बहात्तर पाहिलेलं माणूस असेल, तर या रविवारी त्याच्याजवळ वही घेऊन बसा. मोठे प्रश्न विचारू नका. तोंडं किती होती, दाणे किती होते, किती दिवस पुरवले आणि कसे, एवढं विचारा, आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.