निगेटिव्हमधली चांदी

चांगल्या स्कॅनरमध्ये धूळ आणि ओरखडे आपोआप पुसायची सोय असते. ती अवरक्त किरणांवर चालते. रंगीत निगेटिव्हमधून हे किरण आरपार जातात, धुळीपाशी अडतात, आणि धूळ कुठे आहे ते यंत्राला कळते. कृष्णधवल निगेटिव्हला मात्र ही सोय बंद ठेवावी लागते. तिथे चित्रच चांदीचे असते आणि चांदी हे किरण अडवते. यंत्र आजोबांच्या फेट्यालाच धूळ समजते.

हुपरीकराला हे फोड करून सांगायला नको. पैंजण घडवणारे आपले गाव. इथे कारखान्यातली झाडलोटसुद्धा आटणीला जाते. फिल्मवर चांदीचे क्षार असतात. प्रकाश पडला तिथे डेव्हलपरमध्ये त्यांची काळी चांदी होते, बाकीचे हायपोत विरघळतात. म्हणून तर स्टुडिओतला वापरलेला हायपो आणि जुन्या एक्स-रे फिल्म चांदीसाठी विकल्या जात. रंगीत रोल धुताना चांदी काढूनच टाकतात. उरतो तो रंग, आणि तो उडतो.

या चांदीपायी आपण फार गमावले आहे. 1931 चा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याची उरलीसुरली रिळे अर्देशीर इराणींच्या मुलाने चांदी काढून निकालात काढली, असे पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे करणारे पी. के. नायर सांगत. आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 1925 चा मूकपट 'सावकारी पाश'ही, कारण काहीही असो, आज बघायला मिळत नाही.

घरातल्या जुन्या निगेटिव्ह मी सध्या स्कॅन करतो आहे. लाइट बॉक्स, वर डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स. पट्टी कडेनेच धरायची, ब्लोअरने धूळ उडवायची. आजोबांच्या लग्नाची निगेटिव्ह चौकोनी आहे. कॉपी काढताना स्टुडिओवाल्याने तिची एक कड वगळली होती. त्या कडेला पडदा ताणून धरलेला एक पोरगा आहे. तो आजोबांचा धाकटा भाऊ. त्याचा लहानपणचा दुसरा फोटो घरात नाही.

तो पोरगा दिसल्यापासून मीही पुन्हा रोल घालू लागलो. इलफर्डचा एचपी-फाइव्ह, 120 चा, बारा फोटोंचा. मुशीतली चांदी ओतताना कारागिराच्या तोंडावर जो उजेड पडतो, त्याच्यासाठी मी थांबतो. बाराच फोटो असल्याने थांबावेच लागते, आणि त्या थांबण्यात कारागिराचा हात नीट दिसतो. मोबाइलवर तो मला कधी दिसला नव्हता.

दिवाळीच्या आवराआवरीत निगेटिव्हची पाकिटे निघतील. ती भंगारात देऊ नका. एका रोलमध्ये अर्धा ग्रॅमही चांदी नसते. आंबूस वास येत असेल, तर फिल्म कुजू लागली आहे. ती आधी स्कॅन करा. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ निगेटिव्ह टाकू नका. कागदी पाकिटात घालून कोरड्या, थंड जागी ठेवा.