खोक्यातला षड्ज

परवा एका मैफलीला गेलो होतो. तिकीट पाचशे रुपयांचं. पडदा सरकला तर गाणाऱ्याच्या मागे कोणीच नाही! गुडघ्याशी एक पिटुकलं खोकं, त्यावर लाल दिवा, आणि त्यातून अखंड प-सा-सा-सा. लोक माना डोलावत होते. माझं टाळकं सरकलं.

मध्यंतरात कुरकुरलो तर शेजारचे काका म्हणाले, "अहो, सुरात आहे ना? मग झालं तर."

नाही झालं, काका. तंबोऱ्याची घोडी कारागीर अशी घासतो की तार तिच्या उतारावर निसटती टेकते. मग तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसाकेसाने सरकवायचा. जागा सापडली की तार एकदम बोलायला लागते. ही जवारी. मग खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, खर्जाच्या पाचपट कंपनांचा. खोक्यात तोही भरलेला असतो, मान्य. पण हॉल तापला की तारा हलतात, मागे बसलेल्याचा कान टवकारतो, हात मणक्यांकडे जातो. त्या बसण्यातच पिढ्यान् पिढ्या शिष्य घडले. खोकं काय शिकणार?

आणि या गुणगुणण्याचं वेड काही आपल्यालाच नाही. इथिओपियातल्या बेगेनाला दहा तारा, त्या घुमाव्यात म्हणून खाली चामड्याचे तुकडे सरकवतात. जपानी शामिसेनची सर्वांत जाड तार मुद्दाम दांडीला किंचित घासू देतात. त्याला म्हणतात सावारी! (जवारीशी यमक जुळतं, पण नात्याचा दावा मी करणार नाही.) तिकडे माणसं तारेखाली चामडं सारतायत आणि आपण प्लग शोधतोय.

"तंबोरे नेणार कसे?" हे ठरलेलं उत्तर. चेलोवाले विमानात चेलोसाठी वेगळं तिकीट काढतात हो. खरं कारण वेगळंच. दोन माणसांचं जाणंयेणं, जेवण, मानधन वाचतं. घरी रियाझाला खोकं वापरा, फ्लॅटमध्ये इलाज नसतो. पण तिकीट लावून?

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तिथे हा धंदा उभा केला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे आणून अजून तिथे हातानेच वाद्यं घडतात. बातमी आपण सगळ्यांनी अभिमानाने फॉरवर्ड केली. तंबोरा किती जणांनी घेतला?

हे सगळं तावातावाने बायकोला ऐकवत होतो. ती शांतपणे म्हणाली, "आत्यांचा तंबोरा कुठाय?"

कपाटामागे होता. खोळीवर बोटभर धूळ. दोन तारा तुटलेल्या, भोपळ्याला तडा. आणि मी रोज सकाळी मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर सा लावतोय, गेली सहा वर्षं.

मिरजेला फोन केला. पलीकडच्या वयस्कर आवाजाने ना नाव विचारलं ना गाव. "तडा किती बोटं हाय? आन् घोडीपातूर आलाय का?"

फोन तसाच धरून मोजायला गेलो. चार बोटं. घोडीपर्यंत नाही आलेला.

"मग घिऊन या. आडवा टाकू नका गाडीत, मांडीवर घ्या."