भीती अँपिअरची नको, स्वस्त चार्जरची हवी

नायगाव, नरसी, कुंटूर या पट्ट्यात हरिनाम सप्ताह लागला की महाराजांच्या उपरण्याला बिनवायरचा कॉलर माइक लागलेला असतो आणि पेटीशेजारी चार्जिंगचा स्पीकर. दोन्हींच्या पोटात लिथियमची बॅटरी. खोक्यात केबल असते, चार्जर बहुधा नसतो. मग दुकानात ठरलेला प्रश्न येतो: किती अँपिअरचा लावू, फास्ट चार्जरनं माइक जळेल का? माझ्या मते ही भीती चुकीच्या जागी आहे. बॅटरी ३.७ व्होल्टची, पूर्ण भरली की ४.२. तिनं किती करंट घ्यायचा हे माइकमधलं चार्जिंगचं सर्किट ठरवतं. चार्जरवर ५ व्होल्ट ३ अँपिअर लिहिलं असेल तर तो तेवढा देऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ. टाकी हजार लिटरची असली म्हणून तांब्या फुटत नाही.

यावर कुणी म्हणेल, फास्ट चार्जर तर ९ आणि २० व्होल्टही देतात. देतात, पण मागितल्यावर. समोरच्या यंत्रानं तशी मागणी केली तरच व्होल्टेज चढतं, नाहीतर ५ वरच राहतं. साध्या माइकला अशी मागणी करताच येत नाही. उलट अडचण वेगळीच येते: दोन्ही टोकांना सी-पिन असलेली केबल लावली की काही स्वस्त माइक चार्जच होत नाहीत. सी-पिनच्या चार्जरला समोर यंत्र जोडलंय हे कळण्यासाठी माइकच्या सॉकेटमागे बारके रेझिस्टर लागतात, आणि दोन पैसे वाचवायला कंपनी तेच गाळते. चार्जर मग वीज सोडतच नाही. लोक चार्जरला शिव्या देतात. जुनी चपट्या यूएसबी तोंडाची केबल लावली की काम होतं. घोळ होतो तो जुन्या गोल पिनच्या अडॅप्टरमध्ये. तिथं ना विचारणा ना मागणी. ९ व्होल्टच्या तंबोऱ्याच्या पेटीला १२ चा लावला किंवा पिनची प्लस-मायनस उलटी पडली की पेटी गेलीच म्हणून समजा. तिथं लेबल वाचल्याशिवाय हात लावू नये.

खरा धोका चार्जरच्या आत आहे. भिंतीतले २३० व्होल्ट आणि केबलमधले ५ व्होल्ट यांच्यामध्ये एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर आणि सर्किटच्या पाटीवर सोडलेली काही मिलिमीटरची मोकळी जागा, एवढाच बांध असतो. स्वस्त चार्जरमध्ये ही जागा आक्रसलेली असते, ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारांमधलं इन्सुलेशन पातळ असतं, आणि बांध ओलांडून बसवायचा खास सुरक्षित कपॅसिटर काढून साधा बसवलेला असतो. तो शॉर्ट झाला की घरातली वीज थेट केबलमध्ये, आणि केबलच्या टोकाला माइक. गावाकडे डीपीवर न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात व्होल्टेज चारशेच्या आसपासही चढू शकतं. चांगला चार्जरही अशा वेळी जळेल, पण त्यानं बांध न फोडता जळावं, एवढीच अपेक्षा असते. पुष्कळजण टेस्टर लावून पाहतात. त्याचा उपयोग नाही. दोन पिनच्या चांगल्या चार्जरमधूनही मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका करंट झिरपतो. त्यानं टेस्टर मिणमिणतो, हाताला मुंग्या येतात, कधी स्पीकरमध्ये घूंऽऽ आवाज येतो. म्हणजे टेस्टर पेटला म्हणून चार्जर वाईट ठरत नाही, आणि विझलेला राहिला म्हणून चांगलाही ठरत नाही.

मग ओळखायचा कसा? अंगावर बीआयएसची खूण आणि आर अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक पाहावा. तो खोटा छापता येतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतंय का ते बघावं. महाग पडेल ही तक्रार मला तेवढी पटत नाही. कॉलर माइकला ५ व्होल्ट १ अँपिअर पुष्कळ होतो, आणि जुन्या मोबाईलसोबत आलेला कंपनीचा असा चार्जर कित्येक घरांत कपाटात पडून असतो. वायर चिरलेली नसेल तर तोच लावावा.

चार्जर कितीही चांगला असो, माइक अंगावर असताना तो लावू नये. कीर्तनाच्या मध्येच बॅटरी उतरली तर पॉवर बँक बरी, कारण भिंतीतल्या विजेशी तिचा संबंधच नसतो. फक्त बारीक माइक फारच कमी करंट ओढतो, त्यामुळे काही पॉवर बँका काम संपलं असं समजून थोड्या वेळात आपोआप बंद होतात. तिचा दिवा चालू आहे ना, यावर साऊंडवाल्यानं लक्ष ठेवावं.