नळीवर यंत्राची नजर

कृत्रिम श्वसनाची नळी थोडी अधिक खोल गेली, की बहुधा उजव्या फुफ्फुसाच्या शाखेत शिरते. डावे फुफ्फुस हवेवाचून मिटू लागते. छातीच्या क्ष-किरण चित्रावरून नळीचे टोक आणि श्वासनलिका दुभंगते ती जागा यांतील अंतर मोजणाऱ्या, मुंबईच्याच क्युअर डॉट एआय कंपनीच्या संगणकप्रणालीला २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. मध्यरात्री क्ष-किरणतज्ज्ञ हजर नसेल, तर बोरिवली-मुलुंडकडील अतिदक्षता विभागांनाही ती मोलाची ठरावी. मात्र नळी अन्ननलिकेत गेली असल्यास चित्राची वाट पाहणेच घातक. तेथे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड लगेच मोजावा लागतो. शिवाय इशारा आल्यावर नळी मागे घेणारा डॉक्टर रात्री खाटेपाशी असेल काय, हे पालिकेने आणि खासगी रुग्णालयांनी खरेदीआधीच पाहावे.