दुर्मीळ गाठ आणि सार्वजनिक जबाबदारी

गेल्या गाळप हंगामात ऊसतोडीला गेलेल्या मराठवाड्यातील एका कुटुंबाची हकिगत आमच्या एका कार्यकर्त्याने सांगितली. चार वर्षांच्या मुलीचे पोट वाढत चालले होते. फडावर कोणी म्हणाले जंत झाले, कोणी म्हणाले नजर लागली. कारखान्याच्या गावातील एका डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, दुसऱ्यांनी पोटात पाणी झाल्याचे सांगितले, तिसऱ्यांना क्षयाची शंका आली. हंगाम संपवून कुटुंब गावी परतले तेव्हा सहा महिने उलटले होते. अखेर जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफी झाली आणि पोटात मोकळे पाणी नसून पाण्याने भरलेली गाठ आहे, हे कळले. एका शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन मुलगी बरी झाली. शस्त्रक्रियेला पैसा लागला नाही. परंतु तिथवर पोचेपर्यंत मुकादमाची उचल संपली, आणि पुढील हंगामाची उचल आताच अंगावर आली.

या व्याधीचे स्वरूप कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ अस्तर असते. त्यास पर्युदर म्हणतात. याच अस्तराच्या घड्यांनी आतडी पाठीच्या बाजूस बांधलेली असतात (हा आंत्रबंध), आणि त्याचाच एक चरबीयुक्त पडदा आतड्यांवर पुढून लोंबतो (ही वपा). गर्भावस्थेत या घड्यांतील लसीकावाहिन्यांची जडणघडण बिघडली, तर त्यांतील द्रवाला वाट मिळत नाही आणि तो साचून गाठ होते. गाठ जन्मापासूनची, पण ती सावकाश वाढत असल्याने पोट फुगू लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. ती कर्करोगाची नसते. मात्र तिच्यात रक्तस्राव झाला, जंतुसंसर्ग झाला किंवा तिच्यामुळे आतड्याला पीळ पडला, तर मूल काही तासांत अत्यवस्थ होऊ शकते. मुख्य उपाय : गाठ समूळ काढणे. आंत्रबंधातील गाठ काढताना कधी आतड्याचा थोडा भागही काढावा लागतो. समूळ काढलेली गाठ सहसा पुन्हा होत नाही.

ही व्याधी नवी नव्हे. फ्लॉरेन्सचे वैद्य अँतोनिओ बेनिव्हिएनी यांच्या १५०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिची पहिली नोंद असल्याचे मानले जाते. तीही एका मुलाच्या शवविच्छेदनातून झालेली. पॅरिसचे शल्यविशारद तियो यांनी १८८० साली अशी गाठ यशस्वीपणे काढली. म्हणजे ज्या व्याधीचा उपाय जगाला जवळजवळ दीड शतकापूर्वी सापडला, तिच्यासाठी आज आपल्या मजुराच्या मुलीला सहा महिने दारोदार हिंडावे लागते. येथे विज्ञान कमी पडलेले नाही.

मग काय कमी पडले? रुग्णालयात दाखल होणाऱ्या सुमारे वीस हजार बालकांमागे एकास ही व्याधी आढळते, असा वैद्यकशास्त्रातील प्रचलित अंदाज आहे. इतक्या विरळ संकटासाठी कोणतेही कुटुंब आधीपासून बचत करू शकत नाही. रोग केव्हा आणि कोणाला गाठील हे अनिश्चित असते, आणि कोणता उपचार लागू पडेल हेही रोग्याला ठाऊक नसते. म्हणून आरोग्यसेवा ही बाजारातील इतर वस्तूंसारखी वस्तू होऊ शकत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली आपल्या गाजलेल्या निबंधात दाखवून दिले. ॲरो काही समाजवादी पक्षाचे प्रचारक नव्हते. त्यांच्या विवेचनातून प्रस्तुत लेखक एवढाच निष्कर्ष काढतो की, संकट जितके विरळ आणि जितके मोठे, तितके ते सर्वांनी मिळून वाटून घेणे शहाणपणाचे. कुटुंबाच्या दृष्टीने जे दैव, ते राज्याच्या दृष्टीने केवळ गणित असते. महाराष्ट्राएवढ्या राज्यात अशी काही मुले दरवर्षी असणारच, हे आधीच सांगता येते.

सरकार याबाबत काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राने २०२१ साली दुर्मीळ रोगांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, आणि २०२२ पासून त्याखालील मदतीची मर्यादा पन्नास लाख रुपयांपर्यंत वाढविली. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यातील एक केंद्र आहे. परंतु हे धोरण प्रामुख्याने आनुवंशिक रोगांकडे पाहते, आणि त्यावरील सारी चर्चा परदेशी कंपन्यांच्या महागड्या औषधांच्या किमतीभोवती फिरते. ती चर्चा आवश्यक आहे. तथापि पोटातील या गाठीला कोणतेही महाग औषध लागत नाही. म्हणूनच तिची बाजू मांडण्यात कोणत्याही कंपनीला स्वारस्य नाही. तिला लागतो पोट तपासणारा हात, एक सोनोग्राफी यंत्र, शल्यतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ. रोग दुर्मीळ असला तरी त्याला लागणारी व्यवस्था अगदी सामान्य आहे, आणि तीच आज दुर्मीळ झाली आहे.

आकडे बोलके आहेत. ३१ मार्च २०२२ च्या केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्य अहवालानुसार देशातील ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडील ग्रामीण रुग्णालयांत, गरजेच्या मानाने शल्यतज्ज्ञांची तूट ८३ टक्के आणि बालरोगतज्ज्ञांची जवळजवळ ८२ टक्के होती. सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर २०२५ पर्यंत नेण्याचे वचन २०१७ च्या धोरणात होते; २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ जरूर घ्यावा. पण विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडतो. रोग ओळखेपर्यंतचे सहा महिने विम्याच्या हिशेबात येत नाहीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यातील पालघरहून झाला. अंगणवाडी आणि शाळांतून मुले तपासणारी ही पथके ही मोलाची योजना आहे. परंतु तिच्या यादीतील नऊ जन्मजात दोषांत पोटातील गाठींचा समावेश नाही. शिवाय, ज्या मुलांचे आईबाप ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत फडावर असतात, ती अंगणवाडीच्या पटावर असली तरी अंगणवाडीत नसतात.

पोट फुगलेल्या बालकाला मेळघाटात तापलेल्या विळ्याने चटके देण्याचे प्रकार वृत्तपत्रांत येतात, तेव्हा सुशिक्षितांचा संताप उसळतो. अंधश्रद्धेविरुद्ध लढलेच पाहिजे. परंतु पोट फुगलेले मूल घेऊन आईने जायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर भगताच्या दारापेक्षा जवळ असल्याशिवाय तो लढा जिंकता येणार नाही.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले, आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफी यंत्र आहे काय, ते चालू आहे काय आणि तपासणारे तज्ज्ञ आठवड्यातून कोणत्या दिवशी येतात, याची माहिती मिळवून ती दर्शनी फलकावर लावण्याचा आग्रह धरावा. दुसरे, प्रत्येक बालकाचे पोट हाताने तपासणे आणि फुगलेले वा टणक लागलेले मूल त्याच आठवड्यात सोनोग्राफीस पाठविणे हे बालतपासणी पथकांचे नित्याचे काम व्हावे, अशी मागणी करावी. मूत्रपिंडाचा कर्करोगही बालकाच्या पोटात अशाच गाठीच्या रूपाने प्रकट होतो. तेथे विलंब जिवावर बेततो. एकाच तपासणीने दोन्ही सापडतील. तिसरे, हंगामात ही पथके साखर कारखान्यांच्या फडांवर गेली पाहिजेत, आणि पाठविलेले मूल शहरातील रुग्णालयात पोचले की नाही, याची नोंद ठेवणारी व्यक्ती नेमली गेली पाहिजे.

पैशाअभावी कोणीही उपचारास वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ साली, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, मांडले होते. त्या मुलीचे पोट आता सपाट आहे. येत्या दिवाळीनंतर ती पुन्हा आईबापांबरोबर फडावर जाईल, तिच्याच उपचारासाठी घेतलेली उचल फेडण्यासाठी. हंगाम सुरू होण्यापूर्वी आपापल्या तालुक्याच्या रुग्णालयात एकदा तरी जाऊन वरील प्रश्न विचारले जावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.